एका कळफलकावर बेळगाव आणि बॆळगावि

विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि तिच्या पुढच्या आवृत्तीला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय बऱ्याच जुन्या यंत्रांत नसल्यामुळे, अजून धडधाकट असलेल्या घरगुती संगणकांसाठी लिनक्स हा एक व्यवहार्य मार्ग ठरला आहे. काटेकोर अर्थाने लिनक्स हे केवळ गाभ्याचे नाव आहे. यंत्राचे भाग आणि वरच्या आज्ञावल्या यांच्यातील देवघेव सांभाळणारा हा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवला, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने त्याच्याभोवती गुंफून डेबियन, उबुंटू, मिंट यांसारखे वापरण्यास तयार संच, म्हणजे वितरणे, घडत गेली. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मराठी घरात अशा यंत्राकडून एक जादा अपेक्षा असते. घरातला आणि शाळेतला मजकूर मराठीत, १९६३ च्या राजभाषा कायद्यानुसार चालणारा कर्नाटकाचा सरकारी कारभार कन्नडमध्ये आणि महाविद्यालयाचा व्यवहार इंग्रजीत असल्यामुळे, तीन लिप्या सहज लिहिता-वाचता येईपर्यंत यंत्राची मांडणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

या मांडणीचे आणि बिघाड शोधण्याचे काम थराथरांनी चालते. कळ दाबल्यावर आधी यंत्रातच कोरलेली प्रारंभिक आज्ञावली जागी होते, ती बूटलोडर नावाच्या छोट्या कार्यक्रमाला बोलावते, तो गाभा स्मृतीत आणतो, गाभा डिस्क आणि इतर उपकरणे ओळखतो, मग पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा सुरू होतात आणि सर्वांत शेवटी खिडक्या व चिन्हे असलेला पडदा दिसतो. यंत्र कोणत्या पायरीवर अडले एवढे नीट पाहिले तरी निम्मे निदान होते, कारण त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या शाबूत आहेत हे त्यातूनच सिद्ध होते. शिवाय गाभा आणि सेवा आपल्या प्रत्येक हालचालीची वेळेनिशी नोंद ठेवतात. ही नोंदवही वाचण्याआधी केलेला कोणताही उपाय हा अंदाजच असतो.

पावसाळ्यात, विशेषतः सह्याद्रीला लागून असलेल्या बेळगावच्या बाजूला, वीज अचानक जाते तेव्हा या पद्धतीची पहिली कसोटी लागते. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी४ ही फाइल-रचना डिस्कवरील मांडणीत करायचे बदल आधी एका छोट्या रोजनाम्यात टिपते आणि नंतर जागेवर उतरवते, त्यामुळे काम मध्येच तुटले तरी पुढच्या वेळी रोजनामा पाहून ते बहुधा आपोआप पूर्ण होते. नुकसान त्याही पलीकडचे असेल तर यंत्र काळ्या पडद्यावर अक्षरांचा एक संदेश दाखवून थांबते आणि तपासणी हाताने चालवण्यास सांगते. अनेक जण या पडद्याला घाबरून सगळे पुसून नव्याने बसवायला घेतात, पण डिस्कवरील मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. पेनड्राइव्हवरून दुसरी लिनक्स प्रणाली चालवून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढणे आणि मगच, डिस्कचा तो भाग वापरात नसताना, दुरुस्तीची आज्ञा देणे, हा क्रम पाळणे येथे अत्यंत आवश्यक आहे.

लक्षण एका थरावर आणि कारण दुसऱ्याच थरावर असते, हे घड्याळाच्या उदाहरणातून फार स्पष्ट होते. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवल्यास, लिनक्स वापरल्यानंतर विंडोजचे घड्याळ नेमके साडेपाच तास मागे पडलेले आढळते. लिनक्स यंत्रातील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजते, म्हणून हा फरक भारतीय वेळेच्या अंतराएवढाच निघतो. दोघांपैकी एका प्रणालीला दुसरीची रीत सांगितली की तो कायमचा मिटतो. फरक साडेपाच तासांचा नसून कित्येक वर्षांचा असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते, आणि नेटवरून वेळ जुळेपर्यंत अनेक संकेतस्थळे असुरक्षित असल्याचा इशारा मिळत राहतो, कारण त्यांची ओळखपत्रे यंत्राच्या जुन्या तारखेला अजून लागूच झालेली नसतात. दोष नेटचा वाटतो, उपाय मात्र एका छोट्या बॅटरीत असतो.

वायफाय न चालणे ही नव्या मांडणीतील नेहमीची अडचण असून तिचेही असेच तुकडे पाडावे लागतात. उपकरण गाभ्याला दिसते का, दिसत असल्यास त्याला चालवणारा ड्रायव्हर जोडला गेला आहे का, आणि जोडला असल्यास फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये उतरवावी लागणारी आज्ञावली, सापडत नसल्याची तक्रार नोंदवहीत आहे का, असे हे तीन प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. अशी फर्मवेअर मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे डेबियनने ती दीर्घकाळ मुख्य संचाबाहेर ठेवली होती. २०२२ मध्ये सदस्यांच्या मतदानाने धोरण बदलले आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती स्थापनेच्या संचातच मिळू लागली. वायफाय सुरू होईपर्यंत अडलेले काम मोबाइल यूएसबी तारेने जोडून आणि त्याचे नेट वापरून पुढे नेता येते.

सीमाभागातील घरात सर्वाधिक वेळ आणि लक्ष लागते ते भाषेच्या मांडणीला, आणि तिथे चार वेगवेगळे बिघाड ‘मराठी येत नाही’ किंवा ‘कन्नड येत नाही’ अशा एकाच वाक्यात सांगितले जातात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर त्या लिपीचा फॉन्ट नाही, आणि रेड हॅटने उपलब्ध केलेल्या लोहित फॉन्टमालेतील देवनागरी व कन्नड फॉन्ट बसवले की प्रश्न सुटतो. अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे मोडतात तेव्हा दोष अक्षरजुळणी करणाऱ्या थराचा किंवा फॉन्टचा असतो. मजकूर नीट वाचता येतो पण लिहिता येत नाही, तेव्हा कळफलकाची निवड राहिलेली असते. आणि फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसली, तर ती फाइल श्री-लिपी, आकृती किंवा नुडी यांच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली असते, ज्यांत देशी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली होती. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, नुसता नवा फॉन्ट बसवून भागत नाही.

जोडाक्षरांची परीक्षा घेण्यासाठी मराठीजवळ स्वतःचीच कसोटी आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा, पापणीसारखा र. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर दुसरा शब्द लिहिताना शिफ्टसह जे, मग पाय मोडण्यासाठी डी आणि त्यानंतर य ची कळ दाबावी लागते. हे दोन्ही शब्द पडद्यावर आणि कागदावर वेगळे उमटले, तर अक्षरजुळणीच्या थराबद्दल पुरेशी खात्री बाळगता येते.

याच कळफलकावर या भागातील दोन भाषांची जवळीक बोटांना जाणवते, कारण इनस्क्रिप्टमध्ये एकाच उच्चाराचे अक्षर प्रत्येक भारतीय लिपीत एकाच कळेवर असते. ‘बेळगाव’ लिहिताना वाय, एस, शिफ्टसह एन, आय, ई आणि बी या कळा लागतात. कळफलक कन्नडवर वळवून गावाचे कन्नड नाव ‘बॆळगावि’ लिहायचे झाल्यास वाय तोच, ळ तोच, ग, काना आणि व तेच. कन्नडमधला पहिला ए ऱ्हस्व असल्यामुळे एसच्या जागी झेड येते आणि शेवटच्या ऱ्हस्व इकारासाठी एफ वाढते, एवढाच फरक. हिंदीत क्वचितच लागणारा ळ मराठी आणि कन्नड या दोघींनाही रोजचा असतो आणि तो दोघींना एकाच कळेवर सापडतो. युनिकोडच्या क्रमांकांतही हे साम्य उतरले आहे: देवनागरी क चा क्रमांक २३२५ आणि कन्नड क चा ३२२१, म्हणजे अंतर ८९६, ब आणि ळ यांच्या बाबतीतही अंतर तेवढेच निघते, कारण दोन्ही लिप्यांचे तक्ते १२८ घरांचे असून एकाच भारतीय प्रमाणावरून आखलेले आहेत.

ज्यांना इंग्रजी कळांच्या उच्चारानुसार टंकलेखन सोपे वाटते त्यांच्यासाठी लिनक्सच्या यादीत ‘मराठी कगप’ हा पर्याय आहे, आणि त्या नावातील कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. के. पी. राव यांच्या कन्नड कळफलक-रचनेतून पुढे आलेली आणि या परिषदेच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मराठीसाठीही उपलब्ध आहे. फलकांवर आणि कचेऱ्यांत कोणती भाषा असावी याचा वाद १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेपासून या भागाने सोसला आहे आणि मराठी माणसाची आपल्या भाषेविषयीची मागणी न्याय्य व जिव्हाळ्याची आहे. घरातील संगणकापुरते मात्र कोणत्याही भाषेला दुसरीसाठी जागा सोडावी लागत नाही, आणि कोणती भाषा कधी वापरायची हा निर्णय संपूर्णपणे वापरणाऱ्याच्या हाती असतो.

हाती असलेले हे सामर्थ्य टिकते ते शिस्तीमुळे. एका वेळी एकच बदल करणे, तो केल्यावर यंत्र पुन्हा सुरू करून पाहणे, आणि काय बदलले, का बदलले, आधी काय होते हे तारखेसह साध्या वहीत लिहून ठेवणे, या तीन सवयी कोणत्याही आज्ञेपेक्षा अधिक उपयोगी आहेत. वही कागदाची असावी, कारण तिची गरज नेमकी यंत्र बंद असताना लागते. तिच्या पहिल्या पानावर या भागातील घराने ‘दर्या’, ‘दऱ्या’ आणि दोन्ही लिप्यांतील गावाचे नाव अशा चार नोंदी कराव्यात. प्रत्येक मोठ्या बदलानंतर तेच चार शब्द लिहून छापून पाहिले, की फॉन्ट, अक्षरजुळणी, कळफलक आणि छपाई या चारही थरांची तपासणी एका ओळीत होते.