वजनाचं टार्गेट: आधी हिशेब, मग आकडा



तुम्ही म्हणाल, धंद्याचं सांगता सांगता आज वजनावर कुठे आलात? कारण सोपं आहे. छोट्या धंद्यात मालक आपणच, सेल्समन आपणच आणि बऱ्याचदा डिलिव्हरीवालेही आपणच. नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते. आपण आडवे झालो की शटर खाली. त्यात दिवसभर काउंटरवर बसणं, येईल त्याच्याबरोबर चहा, आणि दुकान बंद करून रात्री साडेदहाला जेवण. वजन वाढायला आणखी काय हवं?

मग एक दिवस आपण जोशात ठरवतो, "महिन्यात दहा किलो कमी करणार!" नवं दुकान टाकून पहिल्याच महिन्यात दहा लाखांची विक्री धरावी, तसंच हे. आकडा मोठा, पण त्यामागे हिशेब नाही.

दहा किलोचा हिशेब

एक किलो चरबी कमी व्हायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरींची तूट लागते. दहा किलोला ७७,०००. तीस दिवसांनी भागा: रोज सुमारे २,५७०. बैठं काम करणाऱ्या बहुतेकांचा दिवसाचा सगळा खर्चच एवढा किंवा याहून कमी असतो. म्हणजे महिनाभर पोटात काहीच घालायचं नाही!

प्रत्यक्षात काय होतं? आठवडाभर अर्धपोटी राहतो, दोन किलो उतरतात. त्यात बराच वाटा पाण्याचा असतो, म्हणून पुढच्या आठवड्यात काटा हलत नाही. भूक मात्र वाढलेली असते. मग "आपल्याच्याने नाही होत" म्हणून सगळंच सोडून देतो. वजन परत येतं आणि स्वतःवरचा भरवसा जातो, तो वेगळाच.

मग किती धरायचं?

सहा महिन्यांत आपल्या वजनाच्या ५ ते १० टक्के. ८० किलोच्या माणसाला ४ ते ८ किलो. ऐकायला कमी वाटतं ना? पण एवढ्यानेही बीपी आणि शुगरमध्ये फरक पडू शकतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटाला टार्गेट दिलं होतं ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. साधारण तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी (प्लासिबो) आणि नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघालं. टार्गेट फक्त ७ टक्क्यांचं होतं, हे लक्षात घ्या.

रोजचं टार्गेट वेगळं लिहा

विक्री किती होईल हे पूर्ण आपल्या हातात नसतं. रोज किती गिऱ्हाइकांना फोन करायचा, हे असतं. वजनाचंही तसंच आहे. काटा आपल्या हातात नाही, ताट आणि पाय आहेत.

समजा, महिन्याला १ किलो कमी करायचंय. रोज साधारण २५० कॅलरींची तूट हवी. ती कुठून काढायची?

• चहा: रोज सहा कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर. एका ग्रॅमला ४ कॅलरी. नुसत्या साखरेच्या २४० झाल्या. तीन कप बिनसाखरेचे केले, तर १२० वाचल्या.
• चालणं: रोज अर्धा तास भरभर. ८० किलोच्या माणसाच्या साधारण १०० ते १५० कॅलरी खर्च होतात. सलग जमत नसेल तर दुकान उघडण्याआधी पंधरा मिनिटं आणि बंद केल्यावर पंधरा.

झाला की हिशेब! चहात वाचलेलं वडापावमध्ये घालवलं नाही म्हणजे मिळवलं.

हा हिशेब अंदाजाचा आहे. वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही कमी होतो, म्हणून पुढे वेग मंदावतो. तेव्हा घाबरू नका, ताटातलं एखादं माप पुन्हा तपासा.

वही कशी ठेवायची?

वजन आठवड्यातून एकदाच करा: ठरलेला वार, सकाळी, उपाशीपोटी. मीठ, पाणी, पोटातलं अन्न यांनी काटा रोज एखाद-दोन किलो वर-खाली होऊ शकतो. एका दिवसाच्या गल्ल्यावरून आपण धंद्याचा नफा ठरवतो का? मग इथेही महिन्याचा कल बघा. जोडीला कंबरेचं माप लिहा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि महिलांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर कंबर गेली, तर धोक्याची खूण मानतात.

आणि सीझनचं टार्गेट वेगळं ठेवा. फराळाच्या ऑर्डरी किंवा कपड्याचं दुकान असेल, तर गणपती ते दिवाळी जेवायलाही फुरसत नसते. त्या दिवसांत "वजन वाढू द्यायचं नाही" एवढंच टार्गेट पुरे. तेही यशच आहे.

एक महत्त्वाचं: शुगर-बीपीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. खाणं अचानक कमी केलं आणि औषध तेवढंच राहिलं, तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

आता आजचं काम. हिशेबाच्या वहीत मागचं पान उघडा आणि तीन ओळी लिहा: आजचं वजन, सहा महिन्यांनंतरचं वजन, आणि उद्यापासून रोज करायच्या फक्त दोन गोष्टी. रात्री गल्ला मोजून झाला की त्या दोन गोष्टींपुढे बरोबरची खूण करायची. आठवड्यात पाच दिवस जरी खुणा झाल्या, तरी गाडी रुळावर आहे असं समजा!