स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात दोन वर्षांची पाहुणी

गेल्या जानेवारीत पाचगणी परिसरातील एका कृषी पर्यटन केंद्रात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. बैलगाडीची फेरी झाली, शेळीची करडे पाहून झाली आणि माझी दोन वर्षांची भाची स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात शिरली. लालबुंद फळ तोडून ती तोंडाकडे नेणार, तोच मी तिचा हात धरला. (कीटकशास्त्रज्ञाच्या घरात हे नित्याचेच!) शेवटची फवारणी केव्हा झाली, हे तेथील मजुरास ठाऊक नव्हते.

स्ट्रॉबेरी सालीसकट खाल्ली जाते. फवारा थेट खाद्य भागावर बसतो आणि आंतरप्रवाही कीटकनाशकाचा अंश धुण्याने पूर्णपणे निघत नाही. वजनाच्या मानाने बालकाच्या शरीरात तो अधिक पोहोचतो. बाजारासाठी तोडणी करताना शेतकरी लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी मोजतो. पाहुणा मात्र वाटेल त्या दिवशी फळ तोडतो. म्हणून पाहुण्यांचे वाफे वेगळे राखावेत आणि फवारणीची व खुल्या तोडणीची तारीख तेथेच पाटीवर लिहावी. मधमाश्यांच्या पेट्या मुलांच्या वाटेपासून दूर ठेवाव्यात, हटवू नयेत. परागीभवन अपुरे राहिल्यास फळे वेडीवाकडी होतात.

अखेर मालकांनी नोंदवही आणली. कालावधी उलटून गेला होता. भाचीने फळ खाल्ले, अर्थात धुऊन.