इटालियन सोडा आणि घरची कोकमाची बरणी

“आई, यंदा माझ्या वाढदिवसाला इटालियन सोडा हवा!” परीक्षा संपते न संपते तोच आमच्या थोरल्याने फर्मान काढलं. वाढदिवस मे महिन्यात, मित्रमंडळी बारा. पन्हं, पीयूष, लिंबू सरबत सांगाल तितकं करून देईन. पण इटलीचा सोडा कसा असतो, देव जाणे! शेवटी एका संध्याकाळी त्याच्याबरोबर मानपाडा रोडवरच्या एका कॅफेत जाऊन बसले. (ठाण्याच्या मैत्रिणींनो, तुमचा घोडबंदर रोडचा मानपाडा नव्हे हं, हा आमचा डोंबिवलीचा!)

तिथल्या मुलाने उंच पेल्यात बर्फ घातला, बाटलीतला लालभडक पाक ओतला, वरून सोडा सोडला आणि नळी खोचली. झालं! एका पेल्याचे दीडशे रुपये. मी पाहतच राहिले. अगं बाई, हे तर सोड्यातलं सरबत!

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग आपलं अमृत कोकम काय वाईट आहे? पण यंदा मी घालणार नाहीये. गेल्या वर्षीची बाटली अजून तशीच आहे. कुणी पीत नाही, मग कशाला हात दुखवून घ्यायचे?”

मला चर्रर्र झालं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली. दर मे महिन्यात गॅलरीच्या उन्हात ती बरणी बसलेली मी पाहते, पण तिचं माप काय, हे एकदाही विचारलं नव्हतं. एक वर्ष बरणी बसली नाही की पुढच्या वर्षीही बसत नाही, आणि मग ती कृती घरातून जातेच. मी म्हटलं, “आई, यंदा आपण दोघी मिळून घालू. तुम्ही सांगा, मी लिहून घेते.”

नाव इटालियन, गाव अमेरिकेतलं

आधी या इटालियन सोड्याची थोडी हकिगत सांगते. नाव इटालियन असलं, तरी हे पेय नावारूपाला आलं ते अमेरिकेत. रिनाल्डो आणि एझिल्डा तोरे या इटालियन जोडप्याने १९२५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात इटलीतल्या आपल्या लुका गावच्या पद्धतीने पाक करायला सुरुवात केली. सोड्यात पाक घालून प्यायची चाल त्यांच्यामुळे तिथे रुळली असं मानतात. म्हणजे परक्या गावात जाऊनही त्या कुटुंबाने आपल्या घरच्या पाकाची कृती सोडली नाही!

आणि आपल्याकडे तरी हे नवं कुठे आहे? मुंबईत पालनजींचा सोडा १८६५ पासूनचा, पुण्यात अर्देशीर १८८४ पासूनचे, ड्यूक्स १८८९ सालचे. पारशी लग्नाच्या पंगतीत रासबेरी सोडा असायचाच. गोटी आत ढकलून फोडायची सोड्याची बाटली तर आपल्यापैकी कित्येकींनी जत्रेत पाहिली असेल. ती गोटी आतल्या वायूच्या दाबानेच तोंडाशी घट्ट बसलेली असते.

सासूबाईंचा ‘अंदाज’ तराजूत

आता कृती. सासूबाईंचं माप म्हणजे ‘अंदाजाने’! त्या ओंजळीने साखर घ्यायच्या आणि मी मध्येच त्यांची ओंजळ तराजूत रिकामी करून घ्यायची. त्यांना हसू आवरेना. पण त्यातून जे निघालं ते असं :

साहित्य : पिकलेल्या रातांब्यांची बिया काढलेली सालं अर्धा किलो, साखर एक किलो, भाजलेल्या जिऱ्याची पूड एक चमचा, मीठ एक चमचा.

कृती : रातांबे धुऊन अगदी कोरडे पुसावेत. दोन भाग करून बिया काढाव्यात. (बिया टाकू नका. त्या वाळवून कोकणात मुठेल काढतात. टाचांच्या भेगांवर ते फार गुणकारी.) सालांच्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत रचाव्यात, वर उरलेली साखर घालावी. बरणीला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवावी. रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळावं. साखर सालांतला रस ओढून घेते आणि स्वतः विरघळते, म्हणून पाण्याचा थेंबही लागत नाही. साखर पुरती विरघळली की गाळून घ्यावं, जिरेपूड आणि मीठ मिसळून कोरड्या बाटलीत भरावं. पितळेचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं वापरू नये, कोकमाच्या आंबटपणाने ते कळकतं.

रातांबे एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंतच मिळतात. तेव्हा आजउद्या करू नका.

माझा शहाणपणा

इथे माझी फजिती सांगायलाच हवी. सासूबाईंची बरणी बसल्यावर मी गुपचूप दुसरी लहान बरणी घातली, निम्म्या साखरेची. म्हटलं, मुलांच्या पोटात साखर कमी जाईल. गाळून बाटलीत भरलं. चौथ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात ‘फट्’ आवाज झाला. बघते तो टोपण ओट्याखाली आणि टाइल्सवर लाल शिंतोडे! पाक आंबला होता. सगळा ओतून द्यावा लागला. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अगं, साखर बाटलीत कमी करायची नसते, पेल्यात करायची.”

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. बाटलीतली भरपूर साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे आंबवणाऱ्या जंतूंना वाढता येत नाही. ती साखर गोडीसाठी नव्हे, टिकण्यासाठी असते.

आता पेल्यातला हिशेब पाहू. बाजारच्या साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर. आपल्या पाकाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, अंदाजे १३ ग्रॅम साखर येते. दोन मोठे चमचे घातलेत तर ‘घरचं ते पौष्टिक’ म्हणत आपण कोलाइतकीच साखर पाजतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणून पेल्याला एकच मोठा चमचा पाक घ्या, आणि चव कमी वाटली तर लहान चमचाभर लिंबाचा रस किंवा कोकमाचं आगळ घाला. आंबटपणा वाढला की पेय फिकं लागत नाही.

सोडा फसफसून वाया जाऊ नये म्हणून

• सोडा आणि पाक दोन्ही चांगले गार हवेत. गार पाण्यात वायू जास्त वेळ टिकतो. कोमट सोड्यावर बर्फ टाकला तर बुडबुडे एकदम उडून जातात.

• आधी पाक, मग बर्फ, शेवटी सोडा. पेला तिरका धरून कडेने हळूच ओता आणि लांब चमच्याने तळातून एकदाच ढवळा.

• मीठ किंवा जिरेपूड भरल्या सोड्यात वरून टाकू नका, सगळा फेस होऊन ओट्यावर येतो. ती आधी पाकातच मिसळा.

• सोडा म्हणजे सोडा-वॉटर. काहीजणी पाण्यात खाण्याचा सोडा घालतात, तसं करू नका. चव बिघडते आणि कोकमाचा सुंदर लाल रंग मळकट जांभळा होतो.

• सोडा मिसळलेलं पेय बाटलीत भरून ठेवू नका. पाहुणे बसले की मगच करा.

• आगळ खारट असतं. रक्तदाब असलेल्यांनी ते बेतानेच घ्यावं, आणि मधुमेह असलेल्यांनी पाक टाळून नुसत्या लिंबाचा सोडा घ्यावा.

रातांबे मिळाले नाहीत तर

आलं-लिंबाचा पाक करा. अडीच वाट्या साखर अर्धी वाटी पाण्यात विरघळवून एक उकळी आणा. पूर्ण गार झाल्यावर एक वाटी लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे आल्याचा रस घाला. आल्याचा रस आधी थोडा वेळ ठेवून वरवरचा घ्या, खाली बसलेला पांढरा साका टाका. यात साखर कोकमाच्या पाकाइतकी दाट नसते, म्हणून बाटली फ्रिजमध्येच ठेवून पंधरा दिवसांत संपवा. वाळ्याचं किंवा गुलाबाचं सरबतही सोड्यात छान लागतं.

वाढदिवसाच्या दिवशी सासूबाई स्वतः पेले भरायला बसल्या. वर पुदिन्याचं पान, लिंबाची चकती, नळी, सगळा थाट कॅफेसारखा. “आजी, हा कुठला फ्लेवर?” एकाने विचारलं. “कुडाळचा!” सासूबाई म्हणाल्या. बारा मुलांनी दोन बाटल्यांचा फडशा पाडला, आणि गेल्या वर्षीची ती पडून राहिलेली बाटलीही त्यातच संपली.

रात्री भांडी आवरताना सासूबाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी एक किलोचं घालू.” मी वहीत लिहून ठेवलंय : सालं एक किलो, साखर दोन किलो.

तुमच्याही घरी एखादी आजी, सासूबाई किंवा आई अशी ‘अंदाजाने’ काही करत असेल. यंदा तिच्याजवळ तराजू आणि वही घेऊन बसा.