निवडीचा क्रमांक आणि त्याची किंमत: अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टविषयीचे गैरसमज

नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेचे सामने सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात होत असले, तरी संघाची खरी घडण मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत मैदानाबाहेर होते, आणि चाहत्यांच्या मनातले सर्वांत पक्के गैरसमजही याच महिन्यांत रुजतात. येथे फुटबॉल म्हणजे कोल्हापूरला आणि गोव्याला ज्याचे वेड आहे तो पायाने खेळायचा खेळ नव्हे, तर लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा किंवा फेकण्याचा आणि इंचाइंचाने प्रतिपक्षाची हद्द काबीज करण्याचा खेळ होय. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस या स्पर्धेतील ३२ संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची सात फेऱ्यांत आळीपाळीने निवड करतात. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी झालेल्या संघाला पहिली पाळी मिळते आणि विजेत्याला शेवटची. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. तिच्याविषयीचे समज तपासण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, कारण गेल्या दशकातली या पद्धतीची सर्वांत महागडी चूक आणि सर्वांत स्वस्त लाभ या दोन्ही गोष्टी याच संघाच्या वाट्याला, एका वर्षाच्या अंतराने आल्या. शिवाय संघाचे मैदान कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे, म्हणजे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या सिलिकॉन व्हॅलीत आहे, आणि खेळाडूंच्या करारांच्या वाटाघाटी अनेक वर्षे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव पराग मराठे असे आहे.

भारतीय वाचकाचा पहिला गैरसमज साहजिकच आयपीएलमुळे होतो. ड्राफ्ट म्हणजे खेळाडूंचा लिलाव, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती अशी की येथे बोली लागतच नाही. कोणत्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या खेळाडूला साधारण किती मानधन मिळेल, हे २०११ च्या सामूहिक करारापासून, म्हणजे खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातील करारनाम्यापासून, जवळजवळ ठरलेले असते. त्याआधीच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा संपूर्ण करार २ कोटी २० लाख डॉलरचा झाला. त्यामुळे संघांमध्ये जी देवघेव होते ती पैशांची नसून पाळीची असते: यंदाची बारावी पाळी आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी देऊन यंदाची तिसरी पाळी घ्यायची, अशा स्वरूपाचे हे सौदे असतात. इंडियन सुपर लीगनेही आरंभीच्या हंगामांत देशी खेळाडूंसाठी ड्राफ्टची पद्धत वापरली होती, हे येथे आठवण्याजोगे आहे.

ड्राफ्टमध्ये नाव पुकारले जाणे हा निव्वळ सन्मान आहे, हा समज त्याहून खोल रुजलेला आहे. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हा दुबळ्या संघांना बळ देणे आणि नव्या खेळाडूंसाठी मालकांनी एकमेकांवर चढाओढ करून दर वाढवणे थांबवणे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. त्या वर्षी सर्वप्रथम निवडला गेलेला जे बरवँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. मागितलेला मोबदला मिळेना, तेव्हा त्याने नोकरी पत्करली. १९६८ साली निवडल्या गेलेल्या आणि पहिल्याच हंगामात मानेच्या दुखापतीने कायमचा बाद झालेल्या जेम्स स्मिथ या खेळाडूने पुढे या पद्धतीलाच न्यायालयात आव्हान दिले, आणि १९७८ साली अपील न्यायालयाने ती त्या काळच्या स्वरूपात मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. आजचा ड्राफ्ट कायद्याच्या कसोटीवर टिकतो तो खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारात त्याला संमती दिली आहे म्हणून. आपल्या गावापासून हजारो मैलांवरच्या, स्वतः न निवडलेल्या संघाकडून ठरीव दराने चार वर्षे खेळण्याचे बंधन हे या उत्सवाचे दुसरे अंग आहे आणि चाहत्याने ते नजरेआड करणे न्यायाचे नाही.

जितका वरचा क्रमांक तितका खात्रीचा खेळाडू, हा समज मात्र सर्वांत हट्टी आहे, आणि येथे फोर्टीनाइनर्सचा इतिहास बारकाईने पाहावा लागतो. २०१७ साली या संघाकडे दुसरी पाळी होती. शिकागो बेअर्सना मिच ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, इतका हवा होता की केवळ एक जागा वर सरकण्यासाठी त्यांनी तिसऱ्या पाळीबरोबर त्या वर्षीच्या तिसऱ्या व चौथ्या फेरीतल्या आणि पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या फेरीतल्या निवडी देऊ केल्या. चाहत्यांनी या सौद्याचे कौतुक केले, ते योग्यच होते. परंतु मिळालेल्या तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला सॉलोमन थॉमस हा बचावपटू चार वर्षांत अपेक्षेच्या जवळही पोहोचला नाही आणि संघ सोडून गेला. त्याच ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर, संघाने घेतलेला जॉर्ज किटल त्याच्या जागेवरचा देशातला अग्रगण्य खेळाडू ठरला, आणि बेअर्सकडून आलेल्या पुढच्या वर्षीच्या निवडीतून, ७० व्या क्रमांकावर, फ्रेड वॉर्नर मिळाला, जो पुढे अनेक वर्षे बचावफळीचा कणा राहिला. म्हणजे सौद्यातले ठळक फळ वाया गेले आणि किरकोळ वाटलेले फळ लाभले. ट्रुबिस्कीच्या मागून, दहाव्या क्रमांकावर, कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सला उचलले होते, ही गोष्ट तर बेअर्स आणि फोर्टीनाइनर्स या दोघांनाही आजवर ऐकवली जाते.

अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी याच प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. एखादा खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांच्या मोजणीत सुमारे ५२ टक्के निघाली. संघ स्वतःच्या पारखीवर अवाजवी विश्वास ठेवतात आणि म्हणून वरच्या पाळीसाठी अवाजवी किंमत मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांची आकडेवारी २०११ पूर्वीच्या महागड्या करारांची असल्याने आज वरच्या निवडी तितक्या तोट्याच्या राहिलेल्या नाहीत, हे नोंदवले पाहिजे; पारखीच्या मर्यादा मात्र बदललेल्या नाहीत.

२०२१ साली फोर्टीनाइनर्सने त्याच मर्यादांकडे पाठ फिरवली. बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी त्यांनी मायामी डॉल्फिन्सना आपली बारावी पाळी, २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि तिसऱ्या फेरीतली एक निवड दिली, आणि ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला, ज्याचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरचा होता. चार सामन्यांत आरंभापासून खेळल्यावर, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, त्याला डॅलस काउबॉइजकडे चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात पाठवण्यात आले. मधल्या काळात, २०२२ च्या ड्राफ्टमधील २६२ वी, म्हणजे अगदी शेवटची निवड करून याच संघाने ब्रॉक पर्डी हा क्वार्टरबॅक घेतला होता. शेवटच्या क्रमांकाच्या खेळाडूला तिकडे गमतीने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. या बिनमहत्त्वाच्या गड्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेले.

या दोन नावांवरून वर सरकण्याचा सौदा नेहमीच घातक असतो, असा उलट टोकाचा समजही चाहत्यांत पसरला आहे, आणि तोही चुकीचा आहे. १९८५ साली याच संघाने न्यू इंग्लंड पेट्रियट्सबरोबर सौदा करून सोळावा क्रमांक मिळवला आणि मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या महाविद्यालयातल्या जेरी राइसला घेतले. झेल घेणाऱ्यांमध्ये त्याच्या तोडीचा खेळाडू या खेळाने पाहिलेला नाही. पाळीची किंमत आणि तीतून मिळू शकणारा लाभ यांचे गणित त्या त्या वेळी बसते की नाही, एवढेच विचारता येते, आणि राइसच्या वेळी ते बसत होते. लान्सच्या वेळी, अवघ्या सतरा महाविद्यालयीन सामन्यांत आरंभापासून खेळलेल्या तरुणासाठी तीन पहिल्या फेऱ्या खर्ची घालताना, ते बसत नव्हते.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे आणि वाहिन्या प्रत्येक संघाला गुण देतात, त्यांना चाहते निकाल समजतात. वास्तविक खेळाडूची योग्यता कळायला किमान तीन हंगाम जातात. पर्डीच्या निवडीने त्या दिवशी कोणाच्याही गुणांत फरक पडला नव्हता.

कराराच्या आकड्यांविषयीचे गैरसमज अधिक सविस्तर उलगडावे लागतात, कारण संघाच्या बहुतेक निर्णयांचे मूळ तेथे आहे. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण मानधनावर मर्यादा आहे. ती तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती आणि २०२५ साली २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. पुढचे पैसे आजच देऊन ही मर्यादा वाटेल तशी वाकवता येते, ती नावापुरतीच आहे, असे अनेकांना वाटते. संघ खेळाडूला करारावर सही करतानाच मोठी एकरकमी देणगी, म्हणजे सायनिंग बोनस देऊ शकतो आणि हिशेबात ती रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागू शकतो, हे खरे आहे. परंतु खेळाडू मध्येच गेला तर उरलेले सर्व हप्ते संघाच्या हिशेबात उभे राहतात आणि मैदानात नसलेल्या माणसासाठी मर्यादेतली जागा अडते. याला डेड मनी म्हणतात. डेन्व्हर ब्रॉन्कोजना रसेल विल्सनला मुक्त केल्यावर दोन हंगामांत मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा असा बोजा सोसावा लागला. बोजा पुढे ढकलता येतो, नाहीसा करता येत नाही.

पर्डीचे महत्त्व या हिशेबात आहे. २०२३ च्या हंगामात त्याचे मूळ मानधन ८ लाख ७० हजार डॉलर होते, तर संपूर्ण संघाची मर्यादा २२ कोटी ४८ लाख. म्हणजे संघाच्या सर्वांत महत्त्वाच्या खेळाडूवर अर्धा टक्कासुद्धा खर्च होत नव्हता, आणि वाचलेल्या पैशांतून इतर जागांवर नामवंत खेळाडू ठेवता येत होते. संघाने त्याला लगेच योग्य मोबदला न देऊन कृपणपणा केला, ही तक्रार तेव्हा फार ऐकू येई. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार तीन हंगाम पूर्ण होण्याआधी बदलण्यास सामूहिक कराराचीच मनाई आहे, आणि ती मुदत संपताच, मे २०२५ मध्ये, त्याला पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार मिळाला. तरीही ही एकूण रक्कम म्हणजे पक्की मिळकत नव्हे. त्यातली हमी दिलेली रक्कम सुमारे १८ कोटी १० लाख होती, आणि या खेळात करार वाचताना हमीचा आकडाच प्रथम पाहावा लागतो.

त्याच वसंत ऋतूत डीबो सॅम्युएल हा लाडका खेळाडू वॉशिंग्टनकडे केवळ पाचव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात गेला, ड्रे ग्रीनलॉ आणि तलानोआ हुफांगा डेन्व्हरला गेले, आणि व्यवस्थापनाने संघ मोडीत काढला, असे चाहत्यांना मनापासून वाटले. ती वेदना खोटी नाही; हुफांगाला पाचव्या फेरीतून घडताना ज्यांनी पाहिले, त्यांना तो परका झाल्याचे दुःख होणारच. मात्र स्वस्त क्वार्टरबॅकमुळे मोकळी राहिलेली जागा भरून जाणार हे दिसत असताना काही मोठी नावे सोडणे अटळ होते. शिवाय करार संपून गेलेल्या खेळाडूंच्या बदल्यात, संघाने बाहेरून किती खेळाडू आणले ते वजा जाता, लीग पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईच्या निवडी देते. २००० साली १९९ व्या क्रमांकावर पेट्रियट्सनी घेतलेला टॉम ब्रॅडी अशाच भरपाईच्या निवडीतून आला. संघाने स्वतःहून काढून टाकलेल्या खेळाडूसाठी ही भरपाई मिळत नाही, म्हणून करार संपू देणे आणि काढून टाकणे यांतला फरक चाहत्याने ध्यानात ठेवावा. २०२० पासून अल्पसंख्याक समाजातील प्रशिक्षक किंवा अधिकारी घडवून दुसऱ्या संघाला मुख्य पदासाठी देणाऱ्या संघालाही तिसऱ्या फेरीतल्या निवडी मिळतात, आणि रॉबर्ट साला, डिमेको रायन्स यांच्यासारखे सहकारी मुख्य प्रशिक्षक होऊन गेल्यामुळे फोर्टीनाइनर्सना या नियमाचा मोठा लाभ झाला.

उन्हाळ्याच्या शेवटी ९० जणांच्या शिबिरातून ५३ जणांची यादी निश्चित होते, आणि वगळलेले सगळे संघाला मुकले असे मानले जाते. तसे नसते. चार हंगामांहून कमी अनुभवाचा खेळाडू वगळला की तो वेव्हर नावाच्या प्रक्रियेत जातो, म्हणजे उरलेल्या ३१ संघांना ठरावीक क्रमाने त्याच्यावर हक्क सांगण्याची मुदत मिळते. कोणी सांगितला नाही, तर मूळ संघ त्याला सराव पथकात, म्हणजे सामन्याबाहेर राहून सराव करणाऱ्या राखीव तुकडीत परत घेऊ शकतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लान्स आणि जिमी गरोपोलो हे दोन क्वार्टरबॅक संघात असताना तिसऱ्याला वगळून वेव्हरमधून सुखरूप परत आणण्याचा मार्ग फोर्टीनाइनर्सपुढे मोकळा होता. त्यांनी तो जुगार न खेळता अनुभवी नेट सडफेल्डला काढून पर्डीला यादीत ठेवले. सप्टेंबरमध्ये लान्सचा घोटा मोडला आणि डिसेंबरमध्ये गरोपोलोच्या पायाचे हाड.