‘नुसता फॉर्म असतो तो!’

सुट्टीच्या दिवशी घाटमाथ्यावरच्या कुठल्याही साहसी उद्यानात दिसेल असे हे दृश्य. तिकीट खिडकीवर सहा जणांचे कुटुंब उभे आहे. पलीकडे झाडाझाडांमध्ये बांधलेले दोरांचे पूल, उंच मचाणे आणि शेवटी झिपलाइन. मुलांना दम निघत नाही. खिडकीतून आरोग्याचे अर्ज पुढे येतात : हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, फिट, मणक्याचे दुखणे, गर्भारपण. वडील सगळ्यांच्याच अर्जांवर भराभर ‘नाही’ लिहीत सुटतात. मागून आजी म्हणतात, ‘‘अरे, यांना स्टेंट घालून चारच महिने झालेत.’’ ‘‘आई, नुसता फॉर्म असतो तो!’’

खरे तर तिथे सर्वांत महत्त्वाचा कागद तोच असतो. उंचावर पाऊल टाकताच शरीरात ॲड्रेनालिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. निरोगी माणसाला त्यातच मजा वाटते. आजारी हृदयाला मात्र तो अचानक आलेला ताण असतो. शिवाय स्टेंटनंतर काही महिने रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. अशा वेळी डोके आपटले तर मेंदूभोवती रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. सहलीपुरत्या गोळ्या बंद करणे त्याहून वाईट, कारण त्यामुळे स्टेंटच बंद पडू शकतो. त्यामुळे आजोबांनी या खेपेला खाली थांबणेच बरे.

मधुमेहींची अडचण वेगळी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने नाश्ता टाळून दोरावर कसरत केली, तर साखर खाली जाऊ शकते. त्याची लक्षणे म्हणजे घाम, थरथर, धडधड. भीतीचीही नेमकी हीच लक्षणे! ‘घाबरलाय’ म्हणून बाकीचे हसतात आणि साखर उतरत राहते. वेळेवर खाऊन जावे, ग्लुकोज खिशात ठेवावे आणि शंका आली तर आधी ते तोंडात टाकावे.

उंचीवर पाय लटपटणे हा भित्रेपणा नव्हे. उभे राहताना आपण थोडे डोलत असतो आणि जवळच्या वस्तूंकडे पाहून डोळे तो डोल सावरतात. उंचावर नजरेसमोरचे सगळे दूर गेले की हा आधार तुटतो, तोल डळमळतो. अशा वेळी खाली न पाहता समोरच्या जवळच्या खोडावर नजर ठेवावी, श्वास सावकाश सोडावा. मुलाने ‘नको’ म्हटले तर त्याला चिडवून पुढे ढकलू नये, उतरवून घ्यावे.

दोर अडकला आणि माणूस हार्नेसमध्ये लोंबकळत राहिला, तर वेगळाच धोका असतो. पाय हलले नाहीत की रक्त पायांच्या शिरांत साचते, हृदयाकडे कमी परतते आणि काही मिनिटांतही चक्कर येऊ शकते. लटकलेल्याने पाय सायकल चालवल्यासारखे हलवत राहावे, गुडघे वर घ्यावेत. बेशुद्ध झालेल्याला ताबडतोब खाली आणावे आणि आडवे निजवावे. ‘बसवूनच ठेवा’ हा जुना सल्ला आता ग्राह्य धरत नाहीत. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी विचारावे : मध्ये कोणी अडकले तर त्याला उतरवणार कोण आणि किती वेळात?

लहान मुलांचे नितंब अरुंद असतात. उलटे झाल्यास केवळ कमरेचा पट्टा निसटू शकतो. त्यांना छाती-खांद्यांवरून येणारा पूर्ण हार्नेस हवा. लांब केस बांधावेत, ओढणी आणि गळ्यातले काढून ठेवावे.

सह्याद्रीच्या झाडीत आग्या मोहोळही असते. दोरावर अडकलेल्याला पळता येत नाही, म्हणून उग्र अत्तर, धूर, दगडफेक पूर्ण टाळावी. माशी चावलीच तर काटा लगेच खरवडून काढावा. अंगभर गांधी, ओठांना सूज, घरघर किंवा भोवळ दिसली तर ती जीवघेणी ॲलर्जी समजावी. अशा रुग्णाला ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तातडीने मिळायला हवे; घरगुती लेपात वेळ घालवू नये. 108 ला फोन करावा. जंगलात मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे सकाळीच पाहून ठेवावे.

खाली थांबणाऱ्या आजोबांवर हेच काम सोपवता येईल : पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांची औषधे, चालू असलेला फोन आणि वर गेलेल्यांवर लक्ष. आणि वडिलांनी तो अर्ज मागून घेऊन पुन्हा लिहावा. दोन मिनिटांचे काम आहे.