अंगणातला सवंगडी निवडताना...

पेण, प्रतिनिधी - मुंबई-गोवा महामार्गावरचे पेण आणि कुंडलिकेच्या काठचे रोहा ही आता केवळ सुट्टीत जाण्याची गावे राहिलेली नाहीत. दिवा-पनवेल-रोहा रेल्वेमार्ग, धाटावची औद्योगिक वसाहत आणि पनवेलच्याही पलीकडे सरकत आलेली मुंबई यांमुळे अनेक शहरी कुटुंबांनी येथे बिऱ्हाड थाटले आहे. कोणी वडिलोपार्जित घराची डागडुजी करून राहतो, कोणी लहानसा बंगला बांधतो. घराला पडवी आणि मागे परसू मिळाले, की लहान मुलांची पहिली मागणी ठरलेली असते : ‘आता तरी एखादा प्राणी आणू या!’

मागणी अवाजवी नाही. प्राण्याची देखभाल करताना मुलांना जबाबदारीची जाणीव होते, दुसऱ्या जिवाची भूक आणि भीती कळू लागते. मात्र हौसेने आणलेले पिल्लू पहिल्याच पावसाळ्यात नकोसे होते आणि रस्त्यावर सोडले जाते, असेही घडते. म्हणूनच कोणता प्राणी गोंडस दिसतो, हा प्रश्न नंतरचा. आपले मूल त्याच्यासोबत सुरक्षित राहील का आणि कोकणच्या हवेत तो प्राणी सुखाने जगेल का, हे दोन प्रश्न पहिले.

आधी मुलाचे वय

पाच वर्षांखालील मुलाला प्राण्याचा इशारा समजत नाही. कुत्र्याचे गुरगुरणे त्याला खेळ वाटते. ते शेपटी ओढते, जेवणाच्या भांड्यात हात घालते आणि तोच हात तोंडात घालते. या वयात मूल आणि प्राणी यांना क्षणभरही एकटे सोडू नये, असा पशुवैद्यक आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांचाही आग्रह असतो. सहा ते नऊ वर्षांचे मूल पाणी भरणे, दाणे टाकणे, अंडी गोळा करणे ही कामे मोठ्यांच्या देखरेखीखाली करू शकते. दहा वर्षांनंतर काही जबाबदारी खऱ्या अर्थाने सोपवता येते.

आयुर्मानाचाही हिशेब करावा. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. आज पहिलीत असलेले मूल महाविद्यालयात जाईल तेव्हा तो म्हातारा झालेला असेल. मुलांच्या नावाने आणलेल्या प्राण्याचे खरे पालक आई-वडीलच असतात, हे आधीच मान्य केलेले बरे.

पाऊस, उकाडा आणि रात्र

या पट्ट्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पेणच्या खारेपाटात पाणी लवकर ओसरत नाही, तर रोह्यात कुंडलिकेला पूर आला की सखल भागाला धोका असतो. अंगणातील प्राण्याचा निवारा जमिनीपासून किमान हात-दीड हात उंच, पागोळ्यांपासून दूर आणि तिन्ही बाजूंनी बंद असणे म्हणूनच आवश्यक आहे. चिखलात उभ्या राहिलेल्या प्राण्याचे खूर, पंजे आणि त्वचा सडू लागते. एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाडाही तितकाच जाचक असतो. पत्र्याखाली ठेवलेला ससा किंवा कोंबडी दुपारी उष्माघाताने दगावू शकते.

रात्रीचा प्रश्न वेगळा. मुरूड आणि रोहा तालुक्यांत फणसाड अभयारण्य पसरले आहे. जंगलालगतच्या वस्त्यांत बिबट्याला कुत्रा आणि शेळी ही सोपी शिकार वाटते. मुंगूस आणि रानमांजर कोंबड्यांवर टपलेले असतात. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप कोकणात आढळतात. खुराड्यात हात घालण्याचे काम म्हणूनच मुलांना कधीही एकट्याने करू देऊ नये आणि रात्री बॅटरीशिवाय तेथे कोणीही जाऊ नये.

कुत्रा : पहिला मान गावठीला

मुलांची पहिली पसंती बहुधा कुत्र्यालाच असते. शहरातून येताना लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड आणण्याकडे ओढा दिसतो. लॅब्राडोर स्वभावाने शांत असला, तरी दाट केसांमुळे दमट हवेत त्याला त्वचारोग आणि कानाचे आजार सहज जडतात. हस्की, सेंट बर्नार्ड यांसारख्या बर्फाळ प्रदेशातील जाती कोकणात पाळणे हा त्या प्राण्यांवर अन्यायच आहे. मुधोळ किंवा कारवान ही जात देशी आणि काटक खरी, परंतु ती मुळात शिकारी आणि धावणारी. चार गुंठ्यांच्या कुंपणात तिचे मन रमत नाही.

या हवेत पिढ्यान्‌पिढ्या तगलेला गावठी कुत्रा सर्वांत सोयीचा. त्याचे केस आखूड असतात, आहार साधा असतो आणि आजारांना तो सहसा लवकर बळी पडत नाही. घरात अगदी लहान मूल असेल, तर चावरे दात फुटलेल्या पिल्लापेक्षा स्वभाव पारखलेला एक-दोन वर्षांचा, लसीकरण आणि निर्बीजीकरण झालेला कुत्रा दत्तक घेणे अधिक शहाणपणाचे. पिल्लूच हवे असेल, तर ते किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. त्याहून लहान पिल्लांच्या विक्रीला २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांत मनाई आहे.

‘बाहेरचा कुत्रा’ म्हणजे दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा नव्हे. तो कळपाने राहणारा प्राणी आहे आणि घरातील माणसे हाच त्याचा कळप. सतत बांधून ठेवलेला कुत्रा चिडचिडा होतो आणि मुलांना चावण्याची शक्यता वाढते. कुत्र्याला कायम जखडून ठेवून व्यायामापासून वंचित ठेवणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे. गणेशोत्सवातील ढोलताशे आणि दिवाळीतील फटाके यांच्या वेळी त्याला घरात आसरा द्यावा.

रेबीजला दुसरी संधी नाही

कुत्रा आणण्यापूर्वी पालकांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रेबीजच्या जगातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात आणि संशयित प्राण्याने चावा घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. मुलांची उंची कमी असल्याने चावा बहुधा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. तेथून मेंदू जवळ असल्यामुळे विषाणूला फार प्रवास करावा लागत नाही.

हा मृत्यू टाळणे मात्र पूर्णपणे शक्य आहे. चावा किंवा ओरखडा लागताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही भरू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठून लस सुरू करावी. स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीचे वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असे असते. रक्त आलेल्या जखमेसाठी लसीबरोबरच जखमेभोवती रेबीज प्रतिबंधक सीरमही द्यावे लागते. कुत्रा घरचा आहे, लसीकरण झालेला आहे, म्हणून डॉक्टरांना टाळू नये.

रागावतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात, ही यातील सर्वांत घातक बाब आहे. प्राणी घरात येण्याच्या दिवशीच मुलांना सांगावे, की काही लागले तर लगेच सांगायचे आणि त्याबद्दल कोणीही रागावणार नाही.

पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस, नंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पुढील मात्रा आणि दर वर्षी पुनर्लसीकरण करावे. पार्वोची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. कोकणात लेप्टोस्पायरोसिसची लसही महत्त्वाची. उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या मूत्रातून हा जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. पावसात अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पायांत गमबूट हवेत, ते यासाठीच. जंताचे औषध आणि गोचीड निर्मूलन यांचीही टाळाटाळ नको.

दोन-चार कोंबड्या : कमी खर्चाची शाळा

कुत्र्याची जबाबदारी झेपणार नसेल, तर दोन-चार गावठी कोंबड्या हा उत्तम पर्याय आहे. सकाळी दाणे टाकणे, अंडे शोधणे, खुडूक बसलेल्या कोंबडीखालून २१ दिवसांनी बाहेर येणारी पिल्ले पाहणे यातून मुलांना जे कळते, ते पुस्तकातून कळत नाही. कोंबडा मात्र लहान मुलांच्या अंगावर धावून जातो. तो नसला तरी कोंबडी अंडी देतेच. रात्री खुराडे जाळीने पक्के बंद हवे आणि राणीखेत म्हणजेच मानमोडी रोगाची लस वेळेवर हवी.

कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जंतू पसरतो. पिल्लांचे मुके घेणे, ती स्वयंपाकघरात आणणे टाळावे आणि हाताळल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम मोडू नये. बर्ड फ्लूचाही विसर पडता कामा नये. देशातील पहिला मोठा उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला झाला होता, तर जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे त्याचा शिरकाव झाल्याने रायगड जिल्ह्यालाही धडकी भरली. अचानक कोंबड्या मरू लागल्यास त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. नगरपरिषद हद्दीत राहणाऱ्यांनी कोंबड्या पाळण्याविषयीचे स्थानिक नियम आधी विचारून घ्यावेत.

ससा आणि शेळी

ससा दिसतो तेवढा सोपा नाही. त्याचा कणा नाजूक असतो. मुलाने उचलताना तो झटकन उसळला आणि पडला, तर कायमचा पंगू होतो. त्याला उकाडा सोसत नाही आणि उचलून घेतलेलेही फारसे आवडत नाही. नर-मादी एकत्र ठेवल्यास महिनाभरात पिल्ले होतात आणि हौसेचे ओझे होते. दहा वर्षांपुढील शांत स्वभावाच्या मुलांसाठीच त्याचा विचार करावा.

शेळी मायाळू आणि मुलांमध्ये रमणारी. परंतु ती एकटी राहू शकत नाही. किमान जोडी हवी. पावसाळ्यात कोरडे मचाण, रोजचा पाला, आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांच्या लसी यांची तयारी हवी. शेजाऱ्याच्या आंब्याची कलमे तिने फस्त केली, तर भांडण ओढवते ते वेगळेच. मोकळी जागा आणि घरी कायम माणूस असेल तरच हा मार्ग धरावा.

पोपट नको, कासवही नको

पिंजऱ्यातला पोपट हा अनेकांच्या बालपणातील ठेवा असला, तरी आपल्याकडील कोणताही पोपट पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. मुनिया, तारा कासव, रानससा, मुंगूस यांनाही हेच लागू आहे. रानात सापडलेले पिल्लू घरी न आणता वन विभागाला कळवावे. बाजारात मिळणारी परदेशी कासवे मोठी झाल्यावर तलावात सोडली जातात आणि स्थानिक कासवांच्या मुळावर येतात. शिवाय कासवांपासून लहान मुलांना साल्मोनेलाची बाधा होत असल्याने अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

निर्णय घेण्यापूर्वी

प्राणी आणण्याआधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा जाऊन यावे. कोणत्या लसी मिळतात, सुट्टीच्या दिवशी कोण भेटते, याची चौकशी करावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक टिपून ठेवावा. कुटुंब मुंबईला गेले तर दाणापाणी कोण करणार, हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे. शक्य असल्यास मे महिन्याच्या सुट्टीत गावातील नातेवाइकांच्या कोंबड्यांची किंवा कुत्र्याची देखभाल मुलांकडे पंधरा दिवस सोपवून पाहावी. पंधराव्या दिवशीही सकाळी मूल आपणहून पाण्याचे भांडे भरत असेल, तर घरात प्राणी आणायला हरकत नाही.

सप्ताहअखेरीपुरते येणाऱ्या कुटुंबांनी मात्र मोह आवरावा. पाच दिवस रिकाम्या बंगल्याची राखण करणारा कुत्रा सवंगडी होत नाही; तो फाटकाकडे डोळे लावून वाट पाहत बसतो. अशा घरांनी आंब्याच्या सावलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. बुलबुल, दयाळ, साळुंक्या आपणहून येतील आणि मुलांना पाहण्यासारखे पुष्कळ मिळेल.