एक ऊन म्हणजे किती?

सुरतेच्या गच्चीवरचा हिशेब आणि आपले छप्पर

मार्च उजाडला की आपल्याकडच्या गच्च्या भरू लागतात. एकाच जिन्याच्या दोन घरांत एकीकडे पापड, कुरडया, सांडगे, तर दुसरीकडे हप्पळ आणि संडिगे. आजी सुनेला बजावते, "ब्याडगीला तीन उन्हे दाखव, मगच डंकावर पाठव." या वाक्यातले 'एक ऊन' हे चक्क मोजमाप आहे. एका दिवसात गच्चीवर जेवढे ऊन पडते तेवढे एक ऊन. मिरची हाताने चुरून पाहायची, कच्ची वाटली तर आणखी एक ऊन द्यायचे. चुकले तरी फारसे बिघडत नाही.

पण आता वाळवणाशेजारी सोलर पॅनेल येऊ लागले आहे. त्यात घरचे लाख-दीड लाख किंवा त्याहूनही अधिक गुंतलेले असतात. कधी सोनेतारण, कधी बँकेचे कर्ज. तिथे 'आपल्याकडे ऊन काय, रग्गड आहे' एवढ्या भरवशावर भागत नाही. एक ऊन म्हणजे नेमके किती, ते आकड्यात माहीत असावे लागते.

सुरतेचे पाहुणे काय सांगतात

सुरतेशी आपला संबंध जुना. शाळेच्या पुस्तकात महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या, तर संसारात लग्नाच्या बस्त्यातल्या साड्या. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यालाही सुरतेच्या बाजारावर नजर ठेवावी लागते. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे नांदतात आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते.

घरांच्या छपरावरील सौर विजेत गुजरात देशात आघाडीवर आहे. संक्रांतीला, म्हणजे तिकडच्या उत्तरायणाला, अख्खी सुरत अगाशीवर पतंग उडवायला चढते. ती मोकळी राहावी म्हणून अनेक घरांनी पॅनेल उंच लोखंडी सांगाड्यावर बसवली आहेत. अशा घरातला पाहुणा लग्नकार्यात भेटला की सांगतो, "आमचे बिल शून्य आले!" तो खोटे बोलत नाही. प्रश्न एवढाच, की त्याचा आकडा उचलून निपाणीच्या, चिक्कोडीच्या किंवा खानापूरच्या छपरावर तसाच ठेवता येतो का? याचे उत्तर ऊन मोजण्याच्या शास्त्रात आहे.

बिसिलु वेगळे, बेळकु वेगळा

पहिला गैरसमज भाषेतूनच दूर करू. मराठीत ऊन आणि उजेड असे दोन शब्द आहेत, कन्नडमध्ये बिसिलु आणि बेळकु. पाणी तापवणाऱ्या सोलर हीटरला उष्णता लागते. वीज करणारे पॅनेल मात्र उजेडावर, बेळकुवर चालते. उलट त्याला उष्णता बाधते. पॅनेलवर लिहिलेली क्षमता ही चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि २५ अंश तापमान धरून काढलेली असते. एप्रिल-मेच्या दुपारी पॅनेल स्वतः ६० अंशांपर्यंत तापते. प्रत्येक जादा अंशामागे साधारण ०.४ टक्का धरला तर तिथेच १४ टक्के वीज गळते. म्हणून 'जितके कडक ऊन तितकी जास्त वीज' हे पुरते खरे नाही.

दुसरी गोष्ट एककाची. एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर दिवसभरात पडलेली प्रकाशऊर्जा किलोवॉट-तासात मोजतात. नाव अवघड वाटले तरी विजेच्या बिलावरचे 'युनिट' तेच. भारताच्या बहुतेक भागांत हा आकडा दिवसाला ४ ते ७ युनिटांच्या दरम्यान असतो. सुरतेची वर्षाची सरासरी पाचाहून थोडी वर आहे. आजीच्या भाषेत, सुरतेचे एक ऊन म्हणजे चौरस मीटरला पाच-सव्वापाच युनिट.

काचेचा गोळा आणि अ‍ॅना मणी

हे मोजतात कसे? जुन्या वेधशाळेत स्टँडवर बसवलेला पेरूएवढा भरीव काचेचा गोळा दिसतो. कॅम्पबेल आणि स्टोक्स या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे हे एकोणिसाव्या शतकातले उपकरण. भिंगासारखा हा गोळा ऊन एकवटतो आणि मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर जळकी रेघ उमटते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघेची लांबी मोजली की स्वच्छ ऊन किती तास पडले ते कळते. यात चाक नाही, तार नाही, वीज नाही.

पण या गोळ्यावरून उन्हाचे तास कळतात, ऊर्जा कळत नाही. त्यासाठी पायरॅनोमीटर लागतो. दुहेरी काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते. ती उन्हाने तापते आणि त्या तापण्यातून अगदी बारीक विद्युतदाब तयार होतो. तो मोजायचा. सूर्याच्या मागे फिरणारे दुसरे उपकरण फक्त थेट किरण मोजते. सूर्याला आडोसा करून मोजले तर आकाशातून विखरून येणारा उजेडही वेगळा काढता येतो.

हे काम आपल्या देशात उभे करण्यात मोठा वाटा अ‍ॅना मणी यांचा. १९१८ साली केरळातल्या पीरमेड येथे जन्मलेल्या मणी यांनी बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर संशोधन केले. (आज हिऱ्यांना पैलू पाडणारे सर्वांत मोठे शहर सुरत, हा योगायोग!) इंग्लंडमध्ये हवामान उपकरणांचे शिक्षण घेऊन त्या १९४८ मध्ये परतल्या आणि पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. उपकरणे परदेशातून मागवण्याऐवजी इथेच बनवायची आणि प्रत्येकाचे माप प्रमाणित करायचे, हा त्यांचा आग्रह होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशात सुरू झाले. निवृत्तीनंतर त्या पुन्हा बंगळुरूला गेल्या. १९८० मध्ये त्यांची भारतातील सौर प्रारणाच्या आकड्यांची हस्तपुस्तिका निघाली आणि १९८१ मध्ये एस. रंगराजन यांच्याबरोबरचा दुसरा ग्रंथ आला. घरोघरी पॅनेल येण्याच्या कितीतरी आधी या बाईंनी देशाचे ऊन वहीत मांडून ठेवले होते. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुणे आणि बंगळुरू ही दोन्ही शहरे त्यांच्या कामाची, म्हणून आपल्या दोन्ही भाषांच्या घरांनी त्यांचे नाव आठवणीत ठेवावे.

पाव आणि अर्ध्याचा हिशेब

अडचण अशी, की अशी केंद्रे मोजकी. अहमदाबाद, भावनगर, मुंबई, पुणे, नागपूर, गोवा यांचे मोजलेले आकडे मिळाले, पण मधल्या शेकडो गावांचे काय? तिथे अंदाज बांधावा लागतो. अंदाज म्हणजे ठोकताळा नव्हे, त्याला रीत आहे. १९२४ मध्ये स्वीडनच्या आँगस्ट्रॉम यांनी ती सुचवली आणि १९४० मध्ये प्रेस्कॉट यांनी तिला आजचे रूप दिले.

रीत सोपी आहे. वातावरण नसतेच तर त्या जागी किती ऊर्जा पडली असती, हे अक्षांश आणि तारखेवरून गणिताने नक्की काढता येते. त्यातले खाली किती पोचते? ढोबळ नियम असा: दिवसभर ढग असले तरी पाव हिस्सा पोचतो. वर, जेवढा वेळ स्वच्छ ऊन पडले त्या प्रमाणात आणखी अर्धा हिस्सा. हा पाव आणि अर्धा गावागणिक थोडा बदलतो. तो जवळच्या मोजणी केंद्रावरून ठरवतात.

सुरतेवर हे लावून पाहू. मेच्या मध्यावर वातावरणाच्या वर चौरस मीटरला दिवसाला १०.९ युनिट ऊर्जा येते. जुलैच्या मध्यावर किती? तीही १०.९! सूर्य मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर सुरतेच्या बरोबर डोक्यावरून जातो, त्यामुळे आकाशाच्या बाजूने दोन्ही महिने सारखेच. आता उदाहरणासाठी मेमध्ये तेरा तासांच्या दिवसात १० तास स्वच्छ ऊन धरू आणि जुलैत ३ तास. मेचा आकडा निघतो ६.९, जुलैचा जेमतेम ४. सूर्य तोच, गच्ची तीच. फरक सगळा ढगांचा.

आता बेळगाव पाहा. मे आणि जुलै दोन्ही महिन्यांत वरून येणारी ऊर्जा साडेदहाच्या पुढेच, म्हणजे सुरतेच्या तोडीची. पण एकाच जिल्ह्यात खानापूर सह्याद्रीच्या पावसात भिजते, तर अथणी पर्जन्यछायेत कोरडी राहते. मग 'बेळगाव जिल्ह्याचे ऊन' असा एकच आकडा कसा असेल? खानापूरची जुलै आणि अथणीची जुलै वेगळी मोजावी लागते. सुरतेच्या पाहुण्याचा आकडा तर दोघांच्याही कामाचा नाही.

आज ही सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०११ मध्ये पहिल्या टप्प्यात देशभर ५१ सौर मोजणी केंद्रे उभारली. उपग्रह वरून ढग पाहतात आणि त्यावरून खालच्या उन्हाचा अंदाज काढता येतो. अहमदाबादच्या इस्रो केंद्राने असा अंदाज देणारे मोबाइल अ‍ॅपही तयार केले आहे. मात्र उपग्रहाचा आकडासुद्धा शेवटी जमिनीवरच्या पायरॅनोमीटरशी ताडूनच पारखला जातो.

उन्हापासून युनिटापर्यंत

तीन किलोवॉटचे पॅनेल घेऊ. सव्वापाच युनिटांचे ऊन म्हणजे सव्वापाच तास पूर्ण क्षमतेने काम. गुणाकार येतो पावणेसोळा. त्यातून उष्णता, धूळ, तारा, इन्व्हर्टर यांपायी पाव हिस्सा वजा करा. राहतात साधारण १२ युनिट. जुलैत हाच हिशेब ९ युनिटांवर येतो. मेमध्ये १५ वर जायला हवा, पण उष्णता त्यातले काही खाते. विक्रेता सांगतो तो '१२ युनिट' खोटा नसतो. तो वर्षाची सरासरी असतो. सरासरीवर घर चालत नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, इस्त्री आणि गीझर जास्त चालतात आणि नेमकी तेव्हाच वीज कमी होते.

पॅनेल दक्षिणेकडे कलते ठेवावे आणि कल साधारण गावाच्या अक्षांशाइतका असावा. सुरतेत २१ अंश, बेळगावात १६ अंश. यामुळे हिवाळ्याच्या तिरप्या उन्हाचा फायदा मिळतो.

सावलीचा हिशेब तर घरच्या घरी करता येतो. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत खाली असतो. त्या दिवशी भर दुपारी एक मीटर उंच कठड्याची सावली सुरतेत जवळजवळ एक मीटर पडते, बेळगावात सुमारे ८२ सेंटिमीटर. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती याहून लांब असते. त्या आठवड्यात नऊ ते तीन गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखून ठेवा. पाण्याची टाकी, शेजारचा मजला, नारळाचे झाड, सगळे त्यात येईल. मुलांना हे काम आवडते. खडूच्या बाहेरची जागा पॅनेलची.

सीमेच्या दोन्ही बाजूंना

पैशाचा हिशेब मात्र राज्याप्रमाणे बदलतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटना एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरले. ते दोन्ही बाजूंना सारखेच. पण कर्नाटकात २०२३ मध्ये गृहज्योती योजना आली आणि दरमहा २०० युनिटांपर्यंतच्या घरगुती वापराला मर्यादेत मोफत विजेचा लाभ मिळाला. त्यामुळे पॅनेलचे पैसे किती वर्षांत फिटतील याचे उत्तर कागलच्या बहिणीचे एक आणि निपाणीच्या भावाचे दुसरे. ऊन जवळपास एकच, बिल वेगळे. म्हणून आधी स्वतःची वर्षभराची बारा बिले समोर ठेवावीत.

मग विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हा आकडा आमच्या गावाचा की दुसऱ्या शहराचा? कलत्या पॅनेलचा की सपाट जमिनीचा? आणि महिन्यामहिन्याला किती? उत्तरे कागदावर घ्यावीत आणि आपल्या बारा बिलांशेजारी मांडावीत. जून ते सप्टेंबरचे चार आकडे आधी वाचावेत, बाकीचे नंतर. वर्षाचा एकच आकडा सांगणाऱ्याला चहा द्यावा. बारा महिन्यांचे बारा आकडे देणाऱ्याला काम द्यावे.